राणीची सत्तर वर्षं, चार दिवसांची सुट्टी : लंडनच्या प्लॅटिनम ज्युबिलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२२ मध्ये ब्रिटनने राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या राज्यारोहणाची सत्तरी साजरी केली. आम्ही लंडनच्या वायव्य भागात राहतो, त्यामुळे तो सोहळा अगदी दारात आला होता. तेव्हापासून पुण्या-ठाण्याहून येणारे पाहुणे, फोनवरच्या मावश्या आणि इथे नव्याने आलेली मराठी मंडळी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. माझं मत आधीच सांगते : हा सोहळा राजवाड्यासमोर कमी आणि गल्लीबोळांत जास्त झाला. ज्यांनी तो फक्त टीव्हीवर पाहिला, त्यांनी घोडे आणि विमानं पाहिली. शेजारी मात्र पाहिले नाहीत.

नक्की कशाची सत्तर वर्षं?

गादीवर बसण्याची. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सहावे जॉर्ज वारले तेव्हा त्यांची थोरली मुलगी नवऱ्याबरोबर केनियाच्या दौऱ्यावर होती. वय २५. राजकन्या म्हणून गेली आणि राणी म्हणून परतली. राज्याभिषेक त्यानंतर सव्वा वर्षाने, २ जून १९५३ला झाला. आपल्याकडे बरेच जण या दोन तारखांची गल्लत करतात.

ब्रिटनच्या इतिहासात कुणाच्याही राज्याला सत्तर वर्षं झाली नव्हती, त्यामुळे प्लॅटिनमचा हा पहिलाच प्रसंग. त्याआधी तिचे रौप्य (१९७७), सुवर्ण (२००२) आणि हीरक (२०१२) असे तीन महोत्सव होऊन गेले होते.

राज्य फेब्रुवारीत मिळालं, मग सोहळा जूनमध्ये का?

दोन कारणं. पहिलं म्हणजे ६ फेब्रुवारी हा तिच्या वडिलांच्या मृत्यूचा दिवस. तो ती बहुतेक वर्षी सँड्रिंगहॅमच्या घरी शांतपणे घालवायची. २०२२ मध्येही आदल्या दिवशी तिथे छोटासा केक कापला आणि थोरला मुलगा चार्ल्स राजा झाल्यावर त्याची पत्नी कॅमिला हिला ‘क्वीन कॉन्सॉर्ट’ (राजाची पत्नी या नात्याने राणी) म्हणावं, ही इच्छा जाहीर केली. बाकी गाजावाजा नाही.

दुसरं कारण हवा. फेब्रुवारीत लंडनच्या रस्त्यावर टेबलं मांडून जेवायला कोण बसणार? म्हणून सरकारने मे महिन्याअखेरची नेहमीची सुट्टी पुढे ढकलून गुरुवारी, २ जूनला आणली, शुक्रवारची एक जादा सुट्टी दिली आणि शनिवार-रविवार जोडून चार दिवस केले. पबनाही गुरुवार ते शनिवार रात्री एक वाजेपर्यंत उघडं राहायची मुभा मिळाली. शाळेतल्या मुलांपासून पबवाल्यांपर्यंत सगळ्यांना राणी अचानक जास्तच आवडू लागली, ती काही उगाच नाही.

चार दिवसांत काय काय झालं?

गुरुवारी ‘ट्रूपिंग द कलर’, म्हणजे राजाच्या किंवा राणीच्या अधिकृत वाढदिवसाचं संचलन. लाल डगले, केसाळ उंच टोप्या, बँड, घोडे. मानवंदना राणीच्या वतीने चार्ल्सने घेतली. मग बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीत राणी आली आणि डोक्यावरून सत्तरहून अधिक विमानं गेली. त्यातल्या टायफून विमानांनी आकाशात ७०चा आकडा काढला. राणीचा लहानगा पणतू लुई कानांवर हात ठेवून किंचाळत होता, तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. रात्री देशभर आणि कॉमनवेल्थच्या राजधान्यांमध्ये मिळून तीन हजारांहून जास्त ठिकाणी टेंभे पेटवले गेले. डोंगरमाथ्यावर असे जाळ पेटवणं ही इथली जुनी रीत आहे. पूर्वी शत्रूची आरमारं दिसली की पेटवायचे, आता आनंदाने पेटवतात.

शुक्रवारी सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये कृतज्ञतेची प्रार्थना झाली. तिथली ‘ग्रेट पॉल’ ही देशातली सर्वांत मोठी चर्चघंटा. तिचं यंत्र कित्येक वर्षं बंद होतं, ते २०२१ मध्ये दुरुस्त झालं आणि या प्रसंगाला ती वाजली. राणी आदल्या दिवशीच्या दगदगीमुळे आली नाही. वर्तमानपत्रांनी प्रार्थनेपेक्षा हॅरी आणि मेगन कुठल्या रांगेत बसले यालाच जास्त जागा दिली.

शनिवारी दुपारी एप्समची डर्बी. राणी घोड्यांची इतकी शौकीन, पण शर्यतही तिने घरूनच पाहिली. संध्याकाळी राजवाड्यासमोर गाण्याबजावण्याचा जलसा. त्याची सुरुवात एका छोट्या चित्रफितीने झाली : राणी आणि मुलांच्या गोष्टींतलं पॅडिंग्टन अस्वल समोरासमोर चहाला बसलेत, अस्वल टोपीतून मार्मलेडचं (संत्र्याच्या मुरंब्याचं) सँडविच काढतं आणि राणी म्हणते, माझंही आहे, आणि आपल्या पर्समधून काढून दाखवते. ९६ वर्षांच्या बाईने हे गुपचूप चित्रित केलं होतं, घरच्यांपैकीही बहुतेकांना पत्ता नव्हता म्हणतात. सगळ्या चार दिवसांत लोकांच्या मनात काय राहिलं असेल तर ही दोन-अडीच मिनिटं. पुढे सप्टेंबरमध्ये ती गेल्यावर लोकांनी बागांमध्ये फुलांबरोबर इतकी मार्मलेड सँडविचेस ठेवली, की ती ठेवू नका असं उद्यानवाल्यांना सांगावं लागलं.

रविवारी दुपारी गल्लोगल्ली जेवणं आणि मध्य लंडनमध्ये शोभायात्रा. १७६२ सालची सोन्याची बग्गी रिकामीच निघाली. तिच्या खिडक्यांच्या काचांवर १९५३च्या राज्याभिषेकाचं चित्रण असं दाखवलं होतं की तरुण राणी आत बसून हात हलवतेय असा भास व्हावा. कुणाला ते सुंदर वाटलं. मला थोडं भुताटकीचं वाटलं.

राणी प्रत्यक्ष दिसली का?

राजवाड्यासमोरच्या ‘द मॉल’ या रस्त्यावर उभ्या असलेल्यांना दोन दिवशी : गुरुवारी निळ्या कपड्यांत आणि रविवारी शेवटी हिरव्या. तेही लांबून, काही मिनिटं. पाठीमागे उभं असाल तर एक रंगीत ठिपका आणि समोरच्या माणसाचा उंच धरलेला फोन, एवढंच. रविवारी गच्चीत तिच्याबरोबर फक्त चार्ल्स, कॅमिला, विल्यम, केट आणि तीन मुलं. पुढचा, त्यापुढचा आणि त्याच्याही पुढचा राजा असं तीन पिढ्यांचं चित्र लोकांपुढे मांडलं होतं, त्यात योगायोग काही नव्हता. राणी पुन्हा त्या गच्चीत आली नाही. ८ सप्टेंबर २०२२ला स्कॉटलंडमधल्या बालमोरलला ती वारली.

तिकीट लागतं का? कुठे उभं राहायचं?

मॉलवर आणि आसपासच्या बागांत उभं राहायला काही लागत नाही. संचलनाच्या मैदानातल्या खुर्च्यांना तिकीट असतं आणि त्यासाठी आधी सोडत. जलशाला २२ हजार प्रेक्षक होते, त्यातली १० हजार तिकिटं सर्वसामान्यांसाठी सोडतीने वाटली होती. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी बागेतल्या मोठ्या पडद्यांवर पाहिलं.

कोरोनेशन किंवा असल्या कुठल्याही मोठ्या शाही दिवशी जाणार असाल तर या चार गोष्टी लक्षात ठेवा. हौशी मंडळी आदल्या रात्री तंबू ठोकून झोपलेली असतात, त्यांच्या पुढची जागा तुम्हाला मिळणार नाही. गर्दी पुरेशी झाली की पोलीस रस्ते बंद करतात आणि मग कितीही विनवण्या करा, आत सोडत नाहीत. ग्रीन पार्क स्टेशन सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून तिथेच चेंगराचेंगरी, त्यापेक्षा एखादं स्टेशन आधी उतरून चालत जा. आणि परतीची भुयारी रेल्वे चालू आहे ना ते बघा. २०२२ मध्ये सोमवारी, ६ जूनला कर्मचाऱ्यांचा संप होता आणि रविवारी रात्री मुक्काम केलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी बसच्या रांगांत अडकले.

वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर माझा सल्ला सरळ आहे : घरी टीव्ही लावा, दुपारी गल्लीत उतरा.

‘स्ट्रीट पार्टी’ म्हणजे नेमकं काय?

आपला रस्ता गाड्यांना बंद करायचा, मधोमध टेबलं लावायची, घराघरांतून खुर्च्या आणायच्या, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत त्रिकोणी पताका बांधायच्या आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. सोसायटीचा गणपती डोळ्यांपुढे आणा, फक्त गणपती वजा करा आणि लाउडस्पीकरचा आवाज निम्म्यावर आणा.

परवानगीसाठी कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, काही आठवडे आधी रस्ता बंद करण्याचा अर्ज द्यावा लागतो. ज्युबिलीसाठी अनेक कौन्सिलांनी त्याची फी माफ केली होती. शेजाऱ्यांपुरता खासगी कार्यक्रम असेल, दारू किंवा खाणं विकत नसाल, तर परवान्याची भानगड नाही. सरकारनेच तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की विमा काढलाच पाहिजे असा कायदा नाही. तरीही प्रत्येक गल्लीत एक काका असे निघतातच जे विमा, अग्निशमन आणि ‘कुणी पडलं तर?’ यावर तीन बैठका घेतात. आमच्याकडेही निघाले. त्यांचा जन्म बर्मिंगहॅमचा, पण स्वभाव कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीचा.

या पार्ट्यांची पद्धत पहिल्या महायुद्धानंतरची. १९१९ मध्ये शांतता झाली तेव्हा रस्त्यात टेबलं मांडून मुलांना चहा-खाऊ दिला गेला, आणि मग १९३५, १९४५, १९५३, १९७७ अशी ती रुळत गेली. म्हणजे मुळात हा युद्ध संपल्याचा आनंद होता, राजघराणं नंतर त्यात येऊन बसलं.

आमच्या गल्लीत काय झालं ते सांगते. लिंबू-चमच्याची शर्यत झाली, फक्त लिंबाऐवजी उकडलेलं अंडं होतं. कागदी मुकुट घातलेली सगळी मुलं बघता बघता एकमेकांची मुकुटं पळवू लागली. तेवीस नंबरच्या आजींनी १९५३ साली एका शेजाऱ्याच्या छोट्या टीव्हीसमोर वीस माणसं कशी दाटीवाटीने बसली होती ते सांगितलं. दहा वर्षं एकमेकांना नुसती मान हलवून ओळख दाखवणाऱ्या दोन घरांनी त्या दिवशी पहिल्यांदा नावं विचारली. राणीचा विषय साधारण पंधरा मिनिटं चालला असेल. बाकीचा वेळ पार्किंग, शाळा आणि विजेचं बिल.

खायला काय असतं? शाकाहारी माणसाचं काय?

काकडीची सँडविचेस, स्कोन, जॅम, घट्ट क्रीम, सॉसेज रोल, केक. आणि ‘कोरोनेशन चिकन’ : १९५३च्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी बनवलेला हा पदार्थ म्हणजे गार चिकन, मेयोनीज आणि त्यात करी पावडर. साम्राज्य गेलं, पिवळा रंग तेवढा उरला. शाकाहाऱ्यांसाठी हल्ली तोच मसाला काबुली चण्यांना लावतात, आणि तो मूळ पदार्थापेक्षा बरा लागतो.

२०२२च्या ज्युबिलीसाठी देशभर गोड पदार्थाची स्पर्धा होऊन लिंबाच्या स्विस रोलचं ट्रायफल (केक, जेली आणि क्रीमचे थर) निवडलं गेलं. वरून छान दिसतं, पण मूळ कृतीतली जेली जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांपासून काढलेल्या पदार्थाची आहे. शाकाहारी असाल तर कुठल्याही ट्रायफलच्या वाटीला हात लावण्याआधी विचारा, कुणी रागावत नाही. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे स्वतःच काहीतरी घेऊन जाणं. आम्ही कोथिंबीर वड्या नेल्या. मोठं ताट होतं. मागे वळून बघेपर्यंत रिकामं.

आणि पाऊस?

येतो. २०२२ मध्ये गुरुवारी लखलखीत ऊन होतं आणि रविवारी, नेमकी गल्लीतल्या जेवणांच्या वेळी, लंडनवर भुरभुर. कुणी उठलं नाही. २०१२ मध्ये तर थेम्स नदीवर हजार नावांची मिरवणूक धो धो पावसात निघाली होती आणि राणी तिच्या नव्वदीतल्या नवऱ्याबरोबर तासन् तास उभी होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला इस्पितळात हलवावं लागलं.

आठवण म्हणून काय घ्यावं?

कप, टी-टॉवेल, बिस्किटांचे डबे, पन्नास पेन्सचं खास नाणं. गंमत हवी असेल तर त्या चुकलेल्या मालाची गोष्ट ऐका : चीनमध्ये बनलेल्या १०,८०० वस्तूंवर ‘प्लॅटिनम ज्युबिली’ऐवजी ‘प्लॅटिनम जब्ली’ छापलं गेलं. विक्रेत्याने रडत न बसता ‘दुर्मीळ माल’ म्हणून तो बाजारात आणला.

सगळा देश राजनिष्ठ होता का?

अजिबात नाही. त्या उन्हाळ्यात महागाईने लोक त्रासले होते, आणि सरकारने सोहळ्यासाठी २ कोटी ८० लाख पौंड बाजूला ठेवले होते. ‘रिपब्लिक’ ही संघटना राजेशाही नको असं उघड म्हणते, तिने फलकही लावले. कॉमनवेल्थमध्येही सूर बदलत होता : नोव्हेंबर २०२१ मध्ये बार्बाडोसने राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून निरोप दिला होता, तर मार्च २०२२ मध्ये विल्यम-केटच्या कॅरिबियन दौऱ्यात निदर्शनं झाली होती.

पण इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. राजेशाहीवर विश्वास नसलेली माणसंही पार्टीला आली होती. आमच्या गल्लीत पताका बांधणाऱ्या बाई पक्क्या राजेशाहीविरोधी आहेत. सुट्टी कुणीही दिली तरी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं.

आपण भारतीयांनी, त्यातून महाराष्ट्रातल्या लोकांनी, असल्या सोहळ्यात भाग घ्यावा का?

हा प्रश्न बहुतेक वेळा टोमणा म्हणून विचारला जातो, पण प्रश्न खरा आहे. कारण महाराष्ट्राला ब्रिटिश राणीच्या महोत्सवाचा जुना आणि कडवट अनुभव आहे.

२२ जून १८९७. व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून लंडनमध्ये साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आणलेल्या सैनिकांची मिरवणूक निघाली. राणीला पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून सेंट पॉल्सच्या बाहेरच प्रार्थना झाली आणि ती बग्गीतच बसून राहिली. त्याच दिवशी पुण्यात काय स्थिती होती? प्लेगने शहर खिळखिळं झालेलं. प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत, माणसांना ओढून नेत, देवघरंही सोडत नसत, हा राग लोकांच्या मनात ताजा होता. अशा गावात गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर हीरक महोत्सवाची मेजवानी आणि रोषणाई झाली. मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात फाशी झाली. ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली तीही १८९७ मध्येच. गव्हर्नरचा तो बंगला म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. पोरं तिच्यासमोर फोटो काढतात, पण त्या रात्रीच्या रोषणाईची आठवण कमीच जणांना असते.

मुंबईतही त्या महोत्सवांच्या खुणा आहेत. ‘व्ही.टी.’ला ते नाव १८८७च्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मिळालं, आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधलं ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’ त्याच वर्षीचं. आज स्टेशन छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने आहे आणि संस्था वीरमाता जिजाबाईंच्या. संस्थेची आद्याक्षरं मात्र तीच ठेवून नाव बदलण्याची चतुराई वाखाणण्यासारखी.

माझं उत्तर : १८९७चा महोत्सव आपल्यावर लादलेला होता, २०२२च्या जेवणाचं आमंत्रण शेजाऱ्यांनी दिलं होतं. मी गेले. राष्ट्रगीताला उभी राहिले, गायले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. आणि चहा पिताना तेवीस नंबरच्या आजींनी १९५३ सांगितलं, तेव्हा मी त्यांना १८९७ सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. इथल्या शाळेत हे शिकवत नाहीत. त्यांनी रँडचं नाव दोनदा विचारून घेतलं.

कोहिनूर दिसला का?

नाही. तो राणीच्या आईसाठी १९३७ मध्ये बनवलेल्या मुकुटात आहे आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये काचेआड असतो. ज्युबिलीत मुकुट कुणी घातलाच नव्हता. २०२३ मध्ये कॅमिलाच्या राज्याभिषेकालाही दुसरा मुकुट वापरला.

आपल्याकडच्या कुणा राजाचा असा हीरक महोत्सव झाला होता का?

झाला होता, आणि तो जास्त माहीत असायला हवा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला : सयाजीराव गायकवाड तिसरे. १९३९ पर्यंत, म्हणजे जवळपास ६४ वर्षं त्यांनी राज्य केलं. १९३६ मध्ये हीरक महोत्सव झाला तेव्हा त्यांनी खेड्यांतल्या आणि गरीब प्रजेच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. त्या काळचे कोटी. बग्ग्या आणि विमानं यांच्याशी तुलना ज्याने त्याने करावी.

जगात सर्वांत जास्त काळ राज्य तिनेच केलं का?

नाही. फ्रान्सचा चौदावा लुई ७२ वर्षं राजा होता, पण तो चार वर्षांचा असताना गादीवर बसला. थायलंडच्या राजा भूमिबोलना तिने ज्युबिलीनंतर साधारण आठवड्याभराने मागे टाकलं. व्हिक्टोरियाचा विक्रम सप्टेंबर २०१५ मध्येच मोडला होता.

असा सोहळा पुन्हा कधी बघायला मिळेल?

ब्रिटनमध्ये लवकर नाही. चार्ल्सचा जन्म १९४८चा आणि राज्य २०२२ पासून. त्याचा रौप्यमहोत्सव यायचा तर २०४७ उजाडेल आणि तो ९८ वर्षांचा असेल. डेन्मार्कची मार्ग्रेटे ५२ वर्षांनंतर जानेवारी २०२४ मध्ये स्वतःहून पायउतार झाली. स्वीडनच्या राजाची पन्नास वर्षं सप्टेंबर २०२३ मध्ये होऊन गेली. उरला ब्रुनेईचा सुलतान. तो ऑक्टोबर १९६७ पासून सत्तेवर आहे आणि २०१७च्या सुवर्णमहोत्सवात त्याचा सोनेरी रथ माणसांनी ओढत नेला होता. साठ वर्षं ऑक्टोबर २०२७ मध्ये पूर्ण होतात. तिथे कोथिंबीर वड्या नेता येतील, पण पबचा विचार सोडा, दारूविक्रीला बंदी आहे.